क्रिशला मुलगी का होत नाही?

हे शीर्षक वाचून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतही पडल्या. एकीने तर सरळच विचारलं, ‘मारहाणीच्या केसेस हातावेगळ्या होत नाहीत, चाळींच्या पुनर्विकासात एकट्या बाईचं नाव कागदावर टिकवताना आपला दम निघतोय, आणि तुला मुखवटा घालून उड्या मारणाऱ्या नटाची काळजी पडलीय?’ काळजी नटाची नाहीच. तो मुखवटा डोळे विस्फारून बघणाऱ्या लालबाग-परळच्या मुलींची आहे. त्यांच्या मापाचा मुखवटा आजवर कोणी बनवलेलाच नाही.

आधी बातमी सांगते. २८ मार्च २०२५ रोजी राकेश रोशन यांनी जाहीर केलं की ‘क्रिश’ मालिकेतला चौथा चित्रपट त्यांचा मुलगा हृतिक दिग्दर्शित करणार आहे. आधीचे तिन्ही, म्हणजे ‘कोई... मिल गया’ (२००३), ‘क्रिश’ (२००६) आणि ‘क्रिश ३’ (२०१३), वडिलांनी दिग्दर्शित केले आणि मुलगा त्यांत नायक होता. संगीत तिन्हींना काका राजेश रोशन यांचं. आता निर्मितीत वडिलांच्या जोडीला आदित्य चोप्रा आहेत आणि दिग्दर्शकाच्या खुर्चीत प्रथमच हृतिक. बारा वर्षं थंड पडलेली चूल पेटणार म्हणून चाहत्यांना झालेला आनंद मी जवळून पाहिला आहे. आमच्या केंद्राखालच्या कट्ट्यावर बसणारी पोरं त्या दिवसांत दुसरं काही बोलत नव्हती. जादू परत यायला हवा. ट्रिक सीन इंग्रजी सिनेमांच्या तोडीचे हवेत. गाणी कमी करा. आणि सगळ्यांचं एकमत कशावर, तर ‘हृतिकला क्रिश आतून माहीत आहे, तो बापापेक्षा भारी करील.’

मीही याच चाहत्यांतली आहे. पहिला चित्रपट आला तेव्हा मी शाळेत होते आणि जादूला निरोप देताना ढसाढसा रडले होते. समाजकार्याची पदवी घेताना ‘माध्यमं आणि स्त्री-प्रतिमा’ शिकले, तरी ते रडणं मला खोटं वाटलं नाही. आपल्याकडे विज्ञानकल्पनेवरचे चित्रपट आधीच बोटांवर मोजण्याइतके. त्यात सामान्य घरातल्या, शाळेत मागे पडलेल्या, चिडवल्या जाणाऱ्या मुलाला दुसऱ्या ग्रहावरचा पाहुणा भेटतो, ही गोष्ट लाखो पोरांना आपली वाटली. म्हणूनच आता नव्या दिग्दर्शकाकडून आशा ठेवायच्या असतील तर आपणही ठेवू. फक्त कट्ट्यावरच्या यादीत नसलेल्या.

यंदा मुलींच्या गटात आम्ही तिन्ही चित्रपट तीन शनिवारी दाखवले. बारा ते सोळा वर्षांच्या मुली, बहुतेकींच्या आज्या-आजोबांनी गिरणीत काम केलेलं. शेवटच्या शनिवारी विचारलं, ‘तुम्हाला यात कोण व्हायला आवडेल?’ सगळ्या एका सुरात म्हणाल्या, क्रिश. मग विचारलं, ‘बाईमाणसांपैकी कोण?’ आणि खोलीत शांतता पसरली. बऱ्याच वेळाने एक म्हणाली, ‘काया. ती निदान रूप बदलू शकते.’ दुसरी म्हणाली, ‘आजी. तिला सगळं माहीत असतं.’ आणि मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने तो प्रश्न विचारला जो मी शीर्षकात घातला आहे. मला त्याचं उत्तर देता येईना. ते शोधायला लागले तर मालिकेचा सांगाडाच हाताला लागला.

तो सांगाडा असा. शास्त्रज्ञ संजय मेहरा. त्यांचा मुलगा रोहित. रोहितचा मुलगा कृष्णा, म्हणजेच क्रिश. ‘क्रिश ३’च्या शेवटी कृष्णालाही मुलगाच, आणि त्याचं नाव आजोबांचंच, रोहित. दहा वर्षं, तीन चित्रपट, चार पिढ्या, आणि घरात एकही मुलगी जन्मत नाही! बाळंतपण आलं की मुलगाच. जादूने दिलेली शक्तीही बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जाते. याला मी विज्ञानकथा कशी म्हणू? ही तर विज्ञानाचं जाकीट घातलेली वंशाच्या दिव्याची कहाणी आहे.

आणि विज्ञानच काढायचं तर काढू या. शिबिरांमधून आपण वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून सांगत आलो आहोत की बाईकडे दोन्ही एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. बापाकडून वाय आला तर मुलगा, एक्स आला तर मुलगी. मुलगी झाली म्हणून सुनेला छळणाऱ्या सासूला हे समजावताना आपल्या घशाला कोरड पडते. आता रोहितची शक्ती कुठे बसली आहे ते बघा. ती त्याच्या एक्सवर असती तर कृष्णाला मिळालीच नसती, कारण बापाचा एक्स मुलाला जातच नाही, तो फक्त मुलीला जातो. इतर कुठल्या गुणसूत्रावर असती तर मुलाला जितकी मिळाली असती तितकीच मुलीला. शक्ती केवळ मुलांनाच द्यायची तर ती वायवरच बसवायला हवी. पटकथाकारांनी असा विचार करून हे केलं असेल असं मी म्हणत नाही. विचार न करताच झालं, आणि तेच मला जास्त बोचतं. विचार न करता लिहिलं की हातून आपोआप मुलगाच लिहिला जातो.

काळ कोणता तेही आठवू या. गर्भलिंगचाचणीविरुद्धची लढाई १९८० च्या दशकात याच मुंबईत आपल्या आधीच्या कार्यकर्त्यांनी उभी केली. तिच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, केंद्राने १९९४ साली. तो अधिक कडक होऊन लागू झाला फेब्रुवारी २००३ मध्ये. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘कोई... मिल गया’ लागला. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११ साली ८९४ उरल्या. सिनेमामुळे मुली कमी झाल्या असला बाष्कळ आरोप मी करणार नाही. पण ज्या दशकात खऱ्या घरांतून मुली गळत होत्या, त्याच दशकात पडद्यावरच्या सर्वात लाडक्या घरातही मुलगी जन्मली नाही, आणि हे कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. आमच्याही नाही. चौदा वर्षांच्या मुलीने विचारेपर्यंत.

आता त्या घरातल्या बायका. सोनिया मेहरा, म्हणजे रेखाने केलेली आई. पहिल्या चित्रपटात ती गरोदर असताना अपघात होतो, नवरा जागच्या जागी जातो आणि मुलगा बौद्धिक अपंगत्व घेऊन जन्माला येतो. मग ही बाई एकटी परदेशातून परत येते, मुलाला वाढवते, शाळेत त्याची बाजू घेऊन भांडते. परळच्या रुग्णालयांच्या ओपीडीबाहेर मी अशा सोनिया रोज पाहते. हातात फायलीची पिशवी, कडेवर किंवा बोटाला धरलेलं मूल, गावाहून आलेली असेल तर फुटपाथवर पथारी. नवरा बऱ्याचदा सोडून गेलेला, कारण ‘असलं मूल’ तिच्या पोटी आलं. या बायकांना मदत म्हणजे काय, हे मला माझ्या कामाने शिकवलं. दुपारचे दोन तास मूल सांभाळणारं कोणीतरी. पेन्शनचा अर्ज भरून देणारं कोणीतरी. चित्रपटात मदत आकाशातून येते आणि मुलगा बरा होतो. (अपंगत्व ही चमत्काराने पुसून टाकायची गोष्ट आहे का, हा वेगळा आणि मोठा वाद आहे. अपंगांच्या चळवळीतल्या मैत्रिणींनी त्यावर लिहायला हवं.) पण आईचं काय झालं? तिला काय मिळालं?

तिला मिळाला नातू. दुसऱ्या चित्रपटात रोहित मेला असं समजून त्याची बायको निशा दुःखाने प्राण सोडते, आणि सोनिया म्हातारपणी पुन्हा तेच काम हाती घेते. नातवाची असामान्य बुद्धी लोकांच्या डोळ्यांवर येते तशी ती त्याला घेऊन दूर डोंगरात जाते, त्याची शक्ती जगापासून लपवते. या सगळ्या मालिकेचा कणा ही म्हातारी आहे. तिने दोनदा, एकटीने, बिनपगारी दोन नायक वाढवले. आणि तिसऱ्या चित्रपटात तिला जागाच नाही.

निशाचं तर आणखी विचित्र. पहिल्या चित्रपटात धीट, हसरी, रोहितच्या बाजूने सगळ्यांशी भांडणारी मुलगी. दुसऱ्यात ती नवऱ्यामागे झुरून मरते, तेही पडद्याबाहेर, कोणाच्या तरी तोंडच्या दोन वाक्यांत. आणि चित्रपटाच्या शेवटी कळतं की रोहित जिवंतच होता! त्याला डांबून ठेवलं होतं. म्हणजे ती बिचारी उगीचच मेली. तान्हं मूल सोडून मरण्याइतकं पातिव्रत्य कशासाठी, तर पटकथेला पुढे नायकाची आई अडचणीची वाटली म्हणून. सोनियाला दुःखाने मरायची मुभा नव्हती आणि निशाला दुःखातून जगायची.

प्रिया पत्रकार आहे. आपल्या अशा चित्रपटांना नायिका पत्रकारच लागते. ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) मधली सीमा पत्रकार, दूरदर्शनवरच्या ‘शक्तिमान’मधली गीता विश्वास पत्रकार. बातमी शोधणं हे त्यांचं काम, आणि समोर उभा असलेला माणूसच नायक आहे ही एवढी मोठी बातमी त्यांना कळत नाही. प्रियाचंही तेच. नोकरी वाचवायला ती कृष्णाला खोट्या प्रेमाची हूल देऊन सिंगापूरला बोलावते, मग खरी प्रेमात पडते. तिसऱ्या चित्रपटात ती बायको आहे आणि गरोदर आहे. त्यानंतर तिचं एवढंच काम की तिला पळवलं जावं, प्रयोगशाळेत डांबलं जावं आणि शेवटी मुलगा व्हावा.

आणि काया. खलनायक कालने प्रयोगशाळेत माणूस आणि सरडा यांच्यापासून घडवलेली, कोणाचंही रूप घेणारी. तिला प्रियाचं रूप देऊन क्रिशच्या घरात पाठवतात. माझ्या मते कृष्णापेक्षाही या मालिकेतलं सर्वात जिवंत पात्र तीच. कारण बदलते ती एकटीच. मालकाची वस्तू म्हणून जन्माला आली, हुकूम पाळला, मग घर म्हणजे काय ते पाहिलं, शंका आली, आणि घडवणाऱ्याविरुद्ध उभी राहिली. आपल्याकडे येणाऱ्या कितीजणींची ही वाट आहे! पण तिचं बंड नायकाच्या प्रेमापोटी दाखवलं, आणि ते केल्याबरोबर तिला मारून टाकलं. आमच्या गटातली मुलगी ‘काया’ म्हणाली तेव्हा मी तिला आठवण दिली की ती मरते. ती म्हणाली, ‘हो, पण मरायच्या आधी ती स्वतःचं ऐकते.’

कोणी म्हणेल, असे चित्रपट पुरुष लिहितात म्हणून असं होतं. तेवढं सोपं नाही. तिन्ही चित्रपटांच्या लेखकांत हनी इराणी आहेत. लिहिणारी बाई असली की बायका आपोआप जगतात असं नाही, हे आपण आपल्या नगरसेविकांवरूनही ओळखतो.

आता मला तुम्हाला आमच्या परळची गोष्ट सांगायची आहे. आम्ही रोज ज्या रस्त्यांवरून कामाला जातो तिथे, लवजी कॅसलमध्ये, वाडिया बंधूंची ‘वाडिया मूव्हीटोन’ ही कंपनी होती. पुढे त्याच जागेत व्ही. शांताराम यांचं राजकमल कलामंदिर उभं राहिलं, ते सर्वांना माहीत असतं. वाडियांचं मात्र मागे पडलं. होमी वाडियांनी १९३५ साली ‘हंटरवाली’ काढला. नायिका नादिया, जन्माने ऑस्ट्रेलियाची मेरी इव्हान्स. राजकन्या दिवसा राजकन्या, आणि डोळ्यांवर मुखवटा, हातात चाबूक घेतला की अन्याय करणाऱ्यांना फोडून काढणारी हंटरवाली. उड्या, घोडे, मारामाऱ्या ती स्वतः करायची. ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात तो लागला आणि असा चालला की बाजारात हंटरवालीच्या नावाने चाबूक, पट्टे, काडेपेट्या विकायला आल्या. म्हणजे आपल्याकडच्या सिनेमातल्या गाजलेल्या पहिल्या मुखवट्यांपैकी एक बाईच्या चेहऱ्यावर होता, आणि तो परळचा होता. क्रिशच्या सत्तर वर्षं आधी.

याहून गंमत पुढे आहे. १९४३ साली या चित्रपटाचा पुढचा भाग आला. दिग्दर्शक नवा होता, होमी वाडियांऐवजी नानाभाई भट. आणि चित्रपटाचं नाव होतं ‘हंटरवाली की बेटी’. बेटी! चाबूक आईकडून लेकीकडे. जगात महायुद्ध चाललेलं, देशात ‘चले जाव’चं आंदोलन होऊन जेमतेम वर्ष लोटलेलं, आणि तेव्हाच्या मुंबईतल्या एका नव्या दिग्दर्शकाला गाजलेल्या चित्रपटाची पुढची कडी जोडताना मुलगी सुचली. त्याच नानाभाई भट यांचे चिरंजीव रॉबिन भट हे ‘कोई... मिल गया’पासून ‘क्रिश ३’पर्यंत तिन्ही चित्रपटांचे एक लेखक आहेत. बापाने हंटरवालीला मुलगी दिली आणि मुलाच्या लेखणीतून क्रिशच्या घरात पोरगेच जन्मत राहिले. साठ-सत्तर वर्षांत आपण पुढे गेलो की मागे, हा प्रश्न मी कट्ट्यावरच्या पोरांनाही विचारला. त्यांना नादिया माहीत नव्हती.

हंटरवालीचं मी देव्हाऱ्यात पूजन करत नाही. ती राजकन्या होती, गोरी होती. जे गोऱ्या बाईने केलेलं चाललं ते गिरणीतल्या सखूने केलेलं प्रेक्षकांनी चालवून घेतलं असतं का, ही शंका रास्त आहे. विज्ञानकथाही ती नव्हती. पण विज्ञानकथेतही आपल्या बायका मागे नव्हत्या. बंगालमधल्या रुकय्या सखावत हुसेन यांनी १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिली. त्या देशात बायका सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, राज्य चालवतात, आणि पुरुष पडद्यात असतात. एकशे वीस वर्षांपूर्वी एका पडद्यातल्या बाईला जे कल्पिता आलं ते कल्पायला आजच्या दिग्दर्शकाला कोणत्या यंत्राची वाट पाहावी लागते?

यावर ठरलेलं उत्तर येतं ते बाजाराचं. बाई उडताना बघायला कोण तिकीट काढणार? हे उत्तर आता शिळं झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये मल्याळममध्ये ‘लोका’ नावाचा चित्रपट आला. अलौकिक शक्ती असलेली नायिका, कल्याणी प्रियदर्शन हिची. मल्याळममध्ये सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांत तो जाऊन बसला. पैसा कमी पडत नाही, कल्पना कमी पडते. आणि कट्ट्यावरचा एक पोरगा म्हणाला तसं ‘मग बायकांसाठी वेगळा काढा ना, आमच्या क्रिशमध्ये कशाला?’ यातला ‘आमच्या’ फार महत्त्वाचा आहे. चाळीतल्या गच्चीपासून गणपतीच्या मंडपापर्यंत प्रत्येक जागेबद्दल मुलींना हेच ऐकवलं जातं. तुम्ही दुसरीकडे बसा.

हृतिक रोशनबद्दल माझा आकस नाही. त्याने वडिलांच्या हाताखाली ‘करण अर्जुन’, ‘कोयला’ अशा चित्रपटांसाठी सहायक म्हणून काम केलेलं आहे, तो आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आलेला नाही. पण चाहते म्हणतात की त्याला ही मालिका आतून माहीत आहे, तेव्हा मी विचारते, कोणाच्या आतून? रोहित त्याने केला, कृष्णा त्याने केला. सोनियाच्या आत कोण शिरलं आहे? निशाच्या? पडद्यावरचा वारसा आणि पडद्यामागचा वारसा इतका एकासारखा एक असताना घराबाहेरची नजर त्याने मुद्दाम मागवली नाही, तर तिसऱ्याचाच चौथा होईल. ‘क्रिश ३’मध्येच एक चांगला विचार आहे, की दुसऱ्याच्या मदतीला धावतो तो प्रत्येक जण क्रिश. हे जर खरं मानायचं, तर शक्ती रक्तातून यायची गरजच काय? वंशच हवा असेल तर मुलगी होऊ द्या. वंश नको असेल तर आणखी उत्तम, मुखवटा कोणाच्याही हाती पडू द्या.

बहिष्काराच्या मी विरुद्ध आहे. तशी सूचना बैठकीत आली होती. मुली तो चित्रपट बघणारच, आणि मीही पहिल्या आठवड्यात जाणार. त्यापेक्षा चित्रपट यायच्या आत बोलू या, कारण नंतर बोललं की त्याला समीक्षा म्हणतात आणि कोणी ऐकत नाही. आमच्या मुलींनी दिग्दर्शकाला पत्र लिहायला घेतलं आहे, मराठीत, वहीच्या कागदावर. ज्या गटांना त्यात भर घालायची असेल त्यांनी आपापल्या मुलींना चित्रपट दाखवून, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं. कृपा करून आपण त्यांच्यासाठी मसुदा करू नये. आम्ही केला होता, त्यांनी तो खोडून काढला. आमचं ‘स्त्री-पात्रांचं सक्षमीकरण’ गेलं आणि त्या जागी आलं, ‘आजीला परत आणा, ती कुठे गेली ते सांगा. कायाला मारू नका. क्रिशला मुलगी होऊ द्या आणि तिला सातवीत नापास करू नका.’ शेवटी सर्वात धाकटीने एक ओळ वाढवली आहे. लालबागच्या बाजारात मिळणारा मुखवटा तिने घालून पाहिला होता. तिने लिहिलंय, ‘मुखवट्याचा रबर जरा मोठा ठेवा, वेण्यांवरून बसत नाही.’